शिष्यवृत्ती करमुक्त, विद्यार्थी मात्र करग्रस्त

(लखनौहून)

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेस 'महानगर' नावाची वस्ती आहे. नाव भारदस्त असले तरी ती या शहराची एक पेठच म्हणावी लागेल. एका अंगाला बादशाहनगरचे रेल्वे स्थानक व निशातगंज, दुसऱ्या अंगाला कपूरथला चौक व अलीगंज, आणि थोडे पलीकडे गेले की लखनौ विद्यापीठाचे आवार. त्यामुळे या वस्तीतील घरांच्या मागच्या खोल्या, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे दोन तरुण अशाच एका खोलीत राहतात. एक आपल्या विदर्भातील शेतमजूर कुटुंबातला. राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन तो येथे संशोधन करतो आणि त्याला दरमहा ३७,००० रुपये पाठ्यवेतन मिळते. दुसरा बहराइच जिल्ह्यातील दलित कुटुंबातला, बी. ए. च्या वर्गात शिकणारा. शुल्काची प्रतिपूर्ती सोडली, तर त्याच्या हाती वर्षाकाठी पडणारा शैक्षणिक भत्ता केवळ ३,००० रुपयांचा. पहिल्याच्या पाठ्यवेतनातून त्याच्या संस्थेच्या हिशेब विभागाने काही महिने दहा टक्के आयकर कापून घेतला. "व्यावसायिक शुल्क" या सदराखाली ही कपात झाली, असे त्याला नंतर कळले. तेव्हा त्याने विचारले : "शिष्यवृत्तीवर कर लागतो काय?" आणि दुसऱ्याने शांतपणे विचारले : "माझ्यावर तर आयकर नाही. मग माझे पैसे जातात कुठे?"

हे दोन्ही प्रश्न साधे आहेत, परंतु त्यांची उत्तरे एकत्र मांडली की आपल्या देशाच्या करव्यवस्थेचे वर्गीय स्वरूप जितके स्वच्छ दिसते, तितके ते अंदाजपत्रकावरच्या दहा भाषणांतूनही दिसत नाही.

कायदा काय म्हणतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १० च्या सोळाव्या पोटकलमाने शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करपात्र उत्पन्नातून वगळली. या सवलतीला रकमेची मर्यादा नाही. देणारा सरकार असो, विद्यापीठ असो की खासगी न्यास असो, भेद नाही. हा कायदा बदलून २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली. त्यातही ही सूट परिशिष्टात कायम ठेवलेली आहे.

मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. रकमेला काय नाव दिले आहे, यावर सूट ठरत नाही; ती रक्कम कशासाठी दिली, यावर ठरते. शिकण्यासाठी, संशोधन पुरे करून पदवी मिळविण्यासाठी दिलेले पाठ्यवेतन ही शिष्यवृत्ती होय. परंतु एखाद्या तरुणाकडून नेमून दिलेले काम करून घेऊन त्याचा मोबदला "पाठ्यवेतन" या गोंडस नावाने दिला जात असेल, तर आयकर अधिकारी त्याला वेतन समजण्याचा संभव असतो. गंमत अशी की, रजा, भविष्यनिर्वाह निधी, किमान वेतन यांची मागणी केली की मालकवर्ग म्हणतो, "हा कामगार नव्हे, हा विद्यार्थी आहे". आणि कर कापण्याची वेळ आली की तोच तरुण "व्यावसायिक" ठरतो! आमच्या विदर्भातील मित्राच्या बाबतीत नेमके हेच घडले. तो पदवीसाठी नोंदणी झालेला संशोधक विद्यार्थी. त्याचे पाठ्यवेतन करमुक्त. तरीही दरमहा ३,७०० रुपये कापले गेले, आणि ते परत मिळविण्यासाठी आर्थिक वर्ष संपेपर्यंत थांबून विवरणपत्र भरण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही. कायद्याने दिलेली सूट कारकुनी अज्ञानाने हिरावली जाते, आणि तिची किंमत मोजतो तो घरी दरमहा पैसे पाठविणारा शेतमजुराचा मुलगा.

आयकर नाही, पण कर आहेच

आता दुसऱ्याचा प्रश्न. बहराइचचा हा विद्यार्थी आयकर भरत नाही. म्हणून तो "करदाता" नाही, असे आपले मध्यमवर्गीय वृत्तपत्रजग मानते. "करदात्यांच्या पैशावर शिकणारे विद्यार्थी" हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या प्रत्येक आंदोलनावर दगडासारखा भिरकावला गेला आहे. जणू साबण, चप्पल, शिलाई, मोबाइलचे रिचार्ज, शिकवणीचे शुल्क यांवर जो वस्तू व सेवा कर भरला जातो, तो कर नव्हेच!

या संदर्भात लखनौशी निगडित असलेले एक प्रकरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या निवासाला वस्तू व सेवा करातून जी सूट होती, ती १८ जुलै २०२२ पासून काढून घेण्यात आली आणि त्यावर बारा टक्के कर बसला. निर्णय हॉटेलांसाठी होता, असे सांगितले गेले. परंतु २०२३ साली या कराच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाच्या लखनौ पीठाने, नोएडातील एका वसतिगृह चालविणाऱ्या कंपनीच्या अर्जावर, वसतिगृहाच्या निवासालाही हा कर लागू होतो असा निर्णय दिला. बंगळूरच्या पीठानेही त्याच सुमारास तसाच कौल दिला. म्हणजे पर्यटकाची रात्र आणि विद्यार्थ्याचे वर्ष ही दोन्ही करखात्याच्या तराजूत समान ठरली.

याचा अर्थ हिशेबाने पाहू. समजा, नोंदणीकृत खासगी वसतिगृहात महिना सहा हजार रुपये भाड्याने विद्यार्थी राहतो. बारा टक्क्यांनी दरमहा ७२० रुपये कर. वर्षाला ८,६४० रुपये. आणि अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणे सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमाच्या बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारा शैक्षणिक भत्ता वर्षाला ३,००० रुपये! एका हाताने तीन हजार द्यायचे, दुसऱ्या हाताने साडेआठ हजारांवर काढून घ्यायचे. शिष्यवृत्तीवर आयकर लावण्याची गरजच काय? भिंतीवर, छपरावर, खाटेवर कर लावला की काम भागते.

या निर्णयाविरुद्ध देशभर ओरड झाली. अखेर २२ जून २०२४ च्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेला माघार घ्यावी लागली आणि दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाच्या अटीवर, सूट द्यावी लागली. ही माघार स्वागतार्ह होय. परंतु परीक्षेच्या तयारीसाठी दोन महिने शहरात येऊन राहणारा खेड्यातला उमेदवार या ९० दिवसांच्या अटीत बसत नाही. आणि ज्या शिकवणी वर्गासाठी तो येतो, त्याच्या शुल्कावर अठरा टक्के कर आहेच : पन्नास हजारांच्या शुल्कावर नऊ हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या व पेन्सिली करमुक्त झाल्या, त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. वही करमुक्त आणि शिकवणी करग्रस्त, असा हा न्याय आहे.

संशोधनाकडेही करखात्याची नजर वळली होती. संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानांवर वस्तू व सेवा कर मागणाऱ्या नोटिसा काही शिक्षणसंस्थांना आल्या, दिल्लीच्या आय. आय. टी. ला आलेली नोटीस सुमारे १२० कोटी रुपयांची होती. प्रकरण चव्हाट्यावर आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये परिषदेने अशा अनुदानांना सूट दिली. धडा एकच आहे : कोणतीही सूट आपोआप टिकत नाही; ती आवाज उठविणाऱ्यांमुळे टिकते.

तीन निरनिराळ्या फूटपट्ट्या

उत्पन्न मोजण्याची सरकारची फूटपट्टी सर्वांसाठी एकच असावी, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात काय दिसते?

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३-१४ साली अडीच लाख रुपये ठरली. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या अंदाजपत्रकात, आयकराची सर्वसाधारण करमुक्त मर्यादाही अडीच लाख झाली. म्हणजे त्या वर्षी दोन्ही रेषा एकमेकींवर होत्या : जो आयकर भरण्याइतका सधन नाही, तो शिष्यवृत्तीस पात्र. त्यात काही एक तर्क होता. त्यानंतर आयकराची रेषा वर सरकत गेली, आणि २०२५ च्या अंदाजपत्रकाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर सवलतीद्वारे शून्यावर आणला. शिष्यवृत्तीची रेषा मात्र २०२५-२६ पर्यंतच्या योजनेत अडीच लाखांवरच खिळून राहिली. इकडे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी आणि मागासवर्गीयांतील "प्रगत गट" ठरविण्यासाठी आठ लाखांची तिसरी रेषा आहे.

अडीच लाख म्हणजे महिन्याला २०,८३३ रुपये. गिरणीत, गोदामात, नगरपालिकेच्या सफाई कामावर नवराबायको दोघेही राबत असतील, तर एवढे उत्पन्न होणे कठीण नाही. अशा कुटुंबाला सरकार म्हणते : तुम्ही इतके गरीब आहात की तुमच्याकडून आयकर घेता येत नाही, आणि इतके श्रीमंत आहात की तुमच्या मुलीला शिष्यवृत्ती देता येत नाही! नोकरदार मध्यमवर्गाला करसवलत मिळाली, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु बारा वर्षांच्या महागाईचा विचार आयकर भरणाऱ्यासाठी होतो आणि शिष्यवृत्ती मागणाऱ्यासाठी होत नाही, हा योगायोग मानण्याइतके आपण भोळे नाही.

विलंब हाही एक कर आहे

याहून क्रूर कर कोणत्याच कायद्यात लिहिलेला नाही. तो म्हणजे विलंब. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतो. शुल्क त्याच वेळी भरावे लागते. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र पडताळणी, आधार-जोडणी, बँकखात्याची जुळणी, महाविद्यालयाची शिफारस, जिल्ह्याची मंजुरी असे टप्पे ओलांडून बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीस हाती येते. कित्येकदा त्याही नंतर. उत्तर प्रदेशात तिला "शुल्क प्रतिपूर्ती" म्हणतात आणि आपल्या महाराष्ट्रात ती "महाडीबीटी"च्या संगणकीय खिडकीतून येते. पण वाट पाहण्याचा अनुभव दोन्हीकडे सारखाच. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना, नोंदणीच्या दिवसापासून अधिछात्रवृत्ती द्या, या एका मागणीसाठी किती दिवस बसावे लागले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको.

या विलंबाची किंमत काढू. वीस हजारांचे शुल्क भरण्यासाठी बापाने सावकाराकडून शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने रक्कम उचलली आणि शिष्यवृत्ती आठ महिन्यांनी आली, तर व्याज झाले ४,८०० रुपये. सरकारने शुल्क परत केले, परंतु व्याजापोटी गेलेले ४,८०० रुपये कोणी परत करीत नाही. वर्षाचा ३,००० रुपयांचा भत्ता त्यातच बुडाला आणि वर आणखी १,८०० रुपये अंगावर आले. सरकारच्या तिजोरीने आठ महिने जी रक्कम बिनव्याजी वापरली, तिचे व्याज शेतमजुराने सावकाराला दिले. याला कर म्हणावयाचे नाही, तर काय म्हणावयाचे?

शिक्षणाच्या नावाने घेतलेला पैसा

पैसा नाही म्हणून असे होते, असे सांगण्यात येते. म्हणून पैशाचाही हिशेब मांडला पाहिजे.

२००४ साली आयकरावर दोन टक्के शिक्षण उपकर बसला. २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का वाढला. २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के झाले. उपकराचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावे लागत नाही. ते केंद्राकडेच राहते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की २००६-०७ ते २०१६-१७ या काळात माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या नावाने गोळा झालेले ८३ हजार कोटी रुपयांहून अधिक या कामासाठीच्या स्वतंत्र निधीत जमाच झाले नाहीत, कारण तो निधीच स्थापन झालेला नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने तो स्थापन करण्यास मान्यता दिली. दहा वर्षे जनतेने शिक्षणासाठी म्हणून कर भरला आणि दहा वर्षे त्याला स्वतःचे खातेसुद्धा नव्हते.

आता दुसरा आकडा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचा मिळून ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ३५,५३४ कोटी, बाकी राज्यांचा; आणि लाभार्थी सुमारे चार कोटी विद्यार्थी. त्यापूर्वी सव्वा वर्ष, २० सप्टेंबर २०१९ रोजी, कंपन्यांच्या आयकराचा मूळ दर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला गेला. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे या एका सवलतीने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या उत्पन्नावर पाणी सोडले गेले. म्हणजे चार कोटी दलित विद्यार्थ्यांसाठी केंद्राने पाच वर्षांत जेवढे द्यावयाचे, त्याच्या चौपट रक्कम कंपन्यांना एका वर्षात दिली गेली. मृत्युकर १९८५ साली रद्द झाला, संपत्तिकर २०१५ च्या अंदाजपत्रकाने रद्द झाला. वारसाहक्काने आलेल्या हवेलीवर कर नाही. विद्यार्थ्याच्या खाटेवर कर बसविण्याचा प्रयत्न मात्र झाला!

हा विचार मराठी माणसाला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच सांधा उघडा केला होता : सरकारी उत्पन्न रयतेच्या श्रमातून येते आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. एवढेच नव्हे, तर सरकारी शिष्यवृत्त्यांविषयीही त्यांनी सांगितले की स्पर्धेने त्या वाटल्यास आधीच शिकलेल्या वर्गांनाच उत्तेजन मिळते, म्हणून ज्यांच्यात शिक्षण पोहोचलेले नाही, अशा वर्गांसाठी त्यांतील काही राखल्या पाहिजेत. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तीस वर्षांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत असताना अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीचा पाया त्यांच्याच प्रयत्नाने घातला गेला. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही त्या १९४४ च्या योजनेची वारसदार आहे. तिला भिक्षा समजणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. आणि साम्यवाद्यांनी हेही विसरू नये की कम्युनिस्ट जाहीरनाम्यातील दहा उपायांत चढत्या दराचा कडक आयकर आणि सर्व मुलांना मोफत सार्वजनिक शिक्षण या दोन मागण्या एकाच यादीत आहेत. एकीशिवाय दुसरी पोकळ ठरते.

अमेरिकेतील अनुभव

आपल्यातील काही कुटुंबांची मुले आता अमेरिकेत शिकावयास जातात. भांडवलशाहीच्या त्या पंढरीत १९८६ च्या करसुधारणा कायद्याने शिष्यवृत्तीचे दोन तुकडे केले. शिक्षणशुल्क, पुस्तके व आवश्यक साहित्य यांवर खर्च होणारा भाग करमुक्त. राहण्या-जेवण्यासाठी मिळणारा भाग करपात्र. माणूस पुस्तकावर जगतो, अन्नावर नव्हे, असे जणू त्या कायद्याचे म्हणणे! परदेशी विद्यार्थ्यांच्या अशा करपात्र भागातून सर्वसाधारणपणे चौदा टक्के आधीच कापले जातात. भारत-अमेरिका करकरारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तेथील प्रमाणित वजावट मिळते, ही गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते आणि हक्काचा परतावा पडून राहतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाने धनिकांना करसवलती देणारे विधेयक संमत करताना, संशोधक विद्यार्थ्यांना माफ होणारे शिक्षणशुल्क हेही उत्पन्न धरावे, अशी तरतूद केली. जी रक्कम विद्यार्थ्याने कधी डोळ्यांनी पाहिली नाही, तिच्यावर कर! विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले, अनेक विद्यापीठांत निदर्शने झाली, आणि डिसेंबरमधील अंतिम कायद्यातून ती तरतूद गळाली. श्रीमंतांच्या सवलती राहिल्या, हे खरे. परंतु विद्यार्थ्यांनी आपल्यावरचा घाला परतविला.

तोवर काय करावे?

लढा दीर्घ असतो, पण शुल्काची तारीख उद्याची असते. म्हणून आपल्या शाखांनी व विद्यार्थी कार्यकर्त्यांनी काही साध्या गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविल्या पाहिजेत.

शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र जपून ठेवावे. रक्कम शिक्षणासाठी दिली आहे, हे त्यावरूनच सिद्ध होते. शुल्क, पुस्तके, वसतिगृह यांच्या पावत्या एका पाकिटात राहू द्याव्यात. शिष्यवृत्ती जमा होणाऱ्या खात्यात शिकवणीचे वा अन्य कामाचे पैसे मिसळू नयेत; शिकवणीची कमाई आणि बँकेचे व्याज ही शिष्यवृत्ती नव्हे, ते उत्पन्नच आहे, जरी एकूण रक्कम मर्यादेच्या आत असल्यास त्यावर कर लागत नसला तरी. पाठ्यवेतनातून कर कापला जात असेल, तर पहिल्याच महिन्यात हिशेब विभागाला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तरीही कापला गेला, तर आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात ती कपात नोंदली आहे काय, हे पाहून मुदतीत विवरणपत्र भरावे, शिष्यवृत्ती करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवावी आणि परतावा मागावा. आमच्या विदर्भातील मित्राने असेच केले, आणि त्याचे पैसे परत आले. मात्र त्या दरम्यान बहिणीच्या प्रवेशाची तारीख निघून गेली. परताव्याबरोबर ती तारीख परत आली नाही.

शुल्काच्या महिन्यासाठी शाखांना आणखी एक काम करता येईल. कामगार संघटनांच्या पतसंस्था, शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्था यांच्याकडून जुलै महिन्यात बिनव्याजी अल्पमुदतीची उचल विद्यार्थ्यांना मिळवून द्यावी आणि शिष्यवृत्ती आल्यावर ती फेडली जावी. सावकाराच्या दारात जाणारा एक जरी बाप आपण थांबविला, तरी ते लहान काम नव्हे.

लखनौची आठवण

ज्या शहरातून हे लिहीत आहे, त्याच शहरात ऑगस्ट १९३६ मध्ये गंगाप्रसाद स्मारक सभागृहात अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये येथेच किसान सभा जन्मली आणि येथेच प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली भरले. शेतकरी, विद्यार्थी व लेखक यांनी एकाच शहरात, एकाच वर्षी संघटित व्हावे, हा इतिहासाचा संकेत आजही अर्थपूर्ण आहे. कारण शिष्यवृत्तीचा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. तो शुल्कासाठी सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या शेतमजुराचा आहे, मुलीच्या शिक्षणासाठी जादा पाळी करणाऱ्या कामगाराचा आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शुल्काची रक्कम प्रवेशाच्या वेळीच थेट संस्थेस मिळावी आणि विलंब झाल्यास विद्यार्थ्यास व्याज द्यावे. भत्ता महागाई निर्देशांकाशी जोडावा. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा किमान आठ लाखांवर आणावी आणि ती दर तीन वर्षांनी आपोआप वाढावी. विद्यार्थ्यांच्या निवासावरील ९० दिवसांची अट काढून टाकावी. पाठ्यवेतनातून करकपात करू नये, असा एक स्पष्ट आदेश सर्व संस्थांना जावा. शिक्षण उपकराच्या पैन्पैचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे यावा. आणि या साऱ्यासाठी लागणारा पैसा कंपन्यांना दिलेल्या सवलती मागे घेऊन व मोठ्या संपत्तीवर पुन्हा कर बसवून उभा करावा.

महानगरातील त्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो. त्या दिव्याच्या विजेवरही शुल्क आहे, आणि ते घरमालक भाड्यातच वसूल करतो. त्या दोन तरुणांना कोणी "करदात्यांच्या पैशावर शिकणारे" म्हटले, तर त्यांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. ते स्वतः करदाते आहेत, करदात्यांची मुले आहेत. आणि ज्यांच्या श्रमातून ही तिजोरी भरते, त्यांच्या वतीने आपला वाटा मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तो हक्क मागावयास त्यांना एकटे सोडायचे नाही, ही आपली जबाबदारी.